गच्चीवरची खार

घाघरा नदीतल्या सूंसांचे, म्हणजे गोड्या पाण्यातल्या डॉल्फिनांचे, आवाज ऐकण्यासाठी सरकार मला पगार देतं. पाण्यात माइक सोडायचा, पक्ष्यांसाठी काठावरच्या झाडाला रेकॉर्डर बांधायचा आणि तिथून निघून जायचं. माणूस आसपास असला की जनावर गप्प बसतं, हे मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना शिकवतो. दुसरा नियम असा, की माणसांचं बोलणं सापडलं तर ते न ऐकता पुसायचं.

घरी मात्र माझ्यापुढे एकच प्रश्न होता: मुलगी मराठी का बोलत नाही? ती बारा वर्षांची, जन्म लखनौचा. मी विचारावं, "जेवलीस का?" आणि तिनं म्हणावं, "हाँ पापा, खा लिया." याचं खापर मी शाळेवर फोडलं, लखनौच्या महानगर भागातल्या आमच्या शेजाऱ्यांवर फोडलं, सब्जीवाल्या भैयाशी तासभर गप्पा मारणाऱ्या बायकोवरही फोडलं. "आमच्या घरातून मराठी नामशेष झाली," असं मी पाहुण्यांना सांगत असे. मला त्याचं खरंच वाईट वाटायचं. सांगताना थोडी मजाही यायची, हे कबूल करतो.

मागच्या हिवाळ्यात नवा रेकॉर्डर आला. नदीवर नेण्याआधी चाचणी म्हणून तो गच्चीवर टाकीच्या पाइपाला बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी ऐकायला बसलो. आधी कबुतरं, मग कुकरच्या शिट्ट्या, मग माझी मुलगी. टाकीखाली राहणाऱ्या खारीला ती शेंगदाणे घालत होती आणि तिच्याशी चक्क मराठीत बोलत होती. नियमाप्रमाणे पुसायला हवं होतं. मी आवाज वाढवला.

"सावकाश खा गं, कोणी पळवून नाही नेत तुझं," ती म्हणाली. अगदी तिच्या आईसारखं. मग म्हणाली, "तुझ्याशी बोलायला बरं वाटतं. बाबा ना, मी काय बोलते ते ऐकतच नाहीत. फक्त चुका ऐकतात."

मी ते पुसलं. लाज वाटली म्हणून पुसलं, नियम म्हणून नव्हे.

तेव्हापासून मी तिची एकही चूक काढलेली नाही. ती अजून हिंदीतच उत्तर देते. एकदा बुजलेलं जनावर परत बोलतं व्हायला किती वेळ लागतो, हे मला कोणी सांगायला नको. संध्याकाळी ती गच्चीवर निघाली की मी जिन्याचं दार लोटून घेतो आणि आत जाऊन बसतो. शेंगदाण्यांचा डबा रिकामा होणार नाही, एवढं मात्र बघतो.