चाकातली हवा आणि कुशाबाचं गाऱ्हाणं

कुशाबा मेस्त्री आमच्या चाळीत गाऱ्हाणं घालतो. एवढंच त्याचं मोठेपण, आणि ते त्याने जन्मभर पुरवून पुरवून खाल्लं. लालबागच्या या चाळीत निम्मी बिऱ्हाडं कोकणातली. पूजा असो, नवी रिक्षा असो, कुणाचा मुलगा बोटीवर निघालेला असो, देवापुढे हात जोडून बोलायला कुशाबाच लागतो. तो एकेक मागणं मागतो आणि मागे उभे असलेले सगळे 'होय म्हाराजा' म्हणतात. आवाज असा, की पोरंसुद्धा हातातला मोबाइल खाली ठेवतात.

बाकीच्या दिवशी हा माणूस परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय. निवृत्तीला आला तरी बॉयच. संपात बापाची गिरणी गेली, बाप खाटेवर बसला तो बसलाच, आणि कुशाबा शाळा सोडून स्ट्रेचर ढकलायला लागला. तिथे त्याला 'ए मामा, इकडे ये' यापलीकडे कुणी हाक मारत नाही. हे मी त्याची कीव यावी म्हणून सांगत नाही. तिकडे गिळलेलं तो इकडे येऊन ओकायचा, आणि ते आम्ही सगळ्यांनी झेललंय.

भाच्याकडून त्याने जुनी मोटारसायकल घेतली आणि ती जिन्याच्या तोंडाशी लावायला लागला. का, तर वर छप्पर आहे. त्या छपराखालून चाळीचा जुना पाइप जातो आणि तो मागच्या चाकावर टिपटिप गळतो, हे काही त्याला दिसलं नाही. पण आमच्या मजल्यावरच्या रखमाला मात्र गाडी पहिल्या दिवशीच नडली. तिचे गुडघे गेलेले. जिना चढताना तिला कठडा धरावा लागतो, आणि कठड्याला गाडीचं हँडल टेकलेलं.

रखमाचा नवरा धोंडू साटम. कुशाबा आणि धोंडू एकाच गॅलरीत वाढलेले, एका ताटात जेवलेले. धोंडूने आधी नीट सांगितलं. कुशाबा म्हणाला, "जागा चाळीची आसा, तुज्या बापाशीची नाय."

धोंडूचं डोकं सटकलं. भर चौकात, चार माणसांसमोर तो म्हणाला, "एक दिवस हवाच काढून ठेवतंय बघ तुज्या गाडयेची."

बोलला तो बोलला. चाळीत असं रोज बोलतात, संध्याकाळी विसरतात. पण पंधरवड्यातच कुशाबाचं मागचं चाक बसायला लागलं. एकदम नाही. रात्री हवा ठीक, सकाळी अंगठ्याने दाबलं की मऊ. कधी दोन दिवस टिकायची, कधी एकच. पंपावर जाऊन हवा भरायची, हॉस्पिटलात उशिरा पोचायचं, आणि मुलीच्या वयाच्या सिस्टरचं ऐकून घ्यायचं.

मी एकदा म्हटलं, "कुशाबा, पंक्चरवाल्याला दाखवा की."

"गाडीला काय झालंय?" तो म्हणाला. "दुखणं माणसात आहे, कांताबाई."

आणि माणूस त्याने ठरवून टाकला होता. धोंडू दूध आणायला पहाटे उतरतो ना, मग झालं. एवढा पुरावा त्याला पुरला. धोंडूने शपथा घेतल्या, तर म्हणाला, चोराच्या उलट्या बोंबा.

सव्वीस जानेवारीला आमच्या चाळीत सत्यनारायण असतो. आरती झाली, कुशाबा पुढे झाला, आम्ही मागे उभे राहिलो. पोराबाळांना सुखी ठेव म्हाराजा. होय म्हाराजा. नोकरीधंद्याला बरकत दे म्हाराजा. होय म्हाराजा. आमची तंद्री लागलेली. त्याच सुरात, आवाजही न चढवता, तो म्हणाला, "आणि जो कोण माज्या गाडयेची हवा काढता, तेचो पाय ह्या चाळीत टिकाक देऊ नको म्हाराजा."

होय म्हाराजा, सगळे म्हणाले. मी म्हणाले. माझ्या शेजारी धोंडू आणि रखमा उभे होते, तेही म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावर रखमाने नवऱ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी अजून विसरलेली नाही. चाळीच्या गाऱ्हाण्यात स्वतःचं वैर कालवायचं नसतं, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण कुशाबाला सांगायला एकाचीही जीभ उचलली नाही.

होळीच्या आधी रखमा जिन्यावरून पडली. हातात भाजीची पिशवी, कठड्यापाशी गाडी, म्हणून ती मधूनच चढायला गेली. खुब्याचं हाड मोडलं. पडली ती गाडीमुळे, हे आंधळ्यालाही दिसत होतं. चाळ मात्र काय म्हणाली? गाऱ्हाणं लागलं. म्हणजे हवा धोंडूच काढत होता. कुशाबाचा भाव असा वधारला, की बाजूच्या चाळीतले लोक चोरीमारीची गाऱ्हाणी घेऊन त्याच्याकडे यायला लागले. तो नारळ घ्यायचा आणि गंभीर चेहरा करून बसायचा.

रखमा त्याच्याच हॉस्पिटलात होती. त्याने ड्युटी बदलून दुसऱ्या मजल्यावर मागून घेतली. तिच्या खाटेशी एकदाही फिरकला नाही.

तिथून धोंडू बायकोला घेऊन मुलीकडे, डोंबिवलीला गेला. रुपालीच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. खोलीला कुलूप लागलं. आणि चारच दिवसांनी सकाळी कुशाबाचं चाक पुन्हा बसलेलं.

आता पहाटे दूध आणायला कुणी उतरत नव्हतं. तरी त्याने आठवडाभर वाट पाहिली, रात्री उठून दोनदा खाली डोकावून आला. शेवटी समोरच्या पंक्चरवाल्या निलेशकडे गाडी नेली. निलेशने टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावलं, तर रिमला लागून बारीक बुडबुडे. पाणी गळून गळून रिम गंजली होती, कडेने हवा निसटत होती. "काका, किती महिने चालवताय अशी?" निलेशने विचारलं. तिथे चाळीतले तिघेचौघे उभे होते. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं.

कुशाबाने रिम बदलली. धोंडूला फोन केला नाही.

रखमाचा मला यायचा. डॉक्टर म्हणत होते हाड जुळलं, चाला. ती काही पाऊल टेकेना. "उभी रवलंय की कुशाबाचो आवाज कानात येता गो," म्हणायची. रिमची बातमी मी तिला त्याच रात्री सांगितली होती, बुडबुड्यांसकट. तिला बरं वाटलं, पण पुरलं नाही. ज्या तोंडाने गाऱ्हाणं घातलं, त्याच तोंडाने, त्याच माणसांसमोर ते मागे घ्यावं लागतं. "तेका सांग," ती म्हणाली. "माका दुसरा काय नको. मागे घेतल्यान की मी चालतंय बघ."

मी कुशाबाला सांगितलं. तो "बघू" म्हणाला.

यंदाच्या पूजेला मी रखमाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून चौरंगापाशी उभी राहिले. कुशाबाने फोन पाहिला. कुणाचा आहे हे त्याला कळलं. हात जोडून त्याने सुरू केलं. पोरंबाळं झाली, नोकरीधंदा झाला, चाळीच्या नव्या बिल्डिंगचं झालं. शेवटी तो म्हणाला, "काय चुकला माकला आसात तर पदरात घे म्हाराजा." हे प्रत्येक गाऱ्हाण्याच्या शेवटी असतंच. सगळे होय म्हाराजा म्हणाले आणि तो प्रसादाकडे वळला.

"कुशाबा, रखमाचं राहिलं," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आजूबाजूच्या तोंडांकडे पाहिलं. ज्या माणसाचं गाऱ्हाणं खोटं ठरलं, त्याला पुढच्या वर्षी कोण पुढे बोलावणार, हाच हिशेब त्याच्या डोळ्यांत चालला होता. मला त्या क्षणी त्याचा जेवढा तिटकारा आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल.

"मी काय कुणाचं नाव घेतलं होतं?" तो म्हणाला. "नाव घेतलंच नाही, तर मागे काय घेऊ?"

दोघातिघांनी तर होकाराच्या माना हलवल्या.

माझ्या हातातल्या फोनमधून रखमाचा आवाज आला. रडका नव्हता, रागाचाही नव्हता. "खराच गो कांता. तेना नाव खंय घेतल्यान. आमीच अंगाक लावन घेतलाव."

मग मागे धोंडू काहीतरी म्हणाला आणि फोन बंद झाला. रखमा अजून खाटेवरच आहे.