बॅटरीचं हळद-कुंकू

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., तेही फिजिक्स घेऊन. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो, कारण त्यामागं आईनं फोडलेली खडी आहे.

दुष्काळात नोकरी मिळेना, म्हणून गावात नव्यानं निघालेल्या दूध सोसायटीचा सचिव झालो. आमचं गाव तेरखेड्याच्या पलीकडं. तोवर गावाचं सगळं दूध खव्याच्या भट्टीवर जायचं. भट्टीवाला मला बघून म्हणायचा, "एवढं शिकून शेवटी दुधाचे कॅनच उचलायचे व्हय रं?" बायांनी आमच्याकडं दूध घातलं ते एका बोलीवर. एकदा जरी नासलं, तरी परत भट्टी.

दूध जवळच्या वाशीच्या शीतकरण केंद्रावर न्यायला सोसायटीची एक जुनी पेट्रोल जीप होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन चढवले, ड्रायव्हरमामांनी किल्ली फिरवली आणि काहीच नाही. घरघर नाही, खरखर नाही. नुसतं टक् सुद्धा नाही.

"धक्का मारा," चेअरमन म्हणाले.

धोतरं खोचून सगळे भिडले. जीप उतारानं गडगडत गेली आणि नेमकी भट्टीसमोर जाऊन थांबली. भट्टीवाला झारा हातात घेऊनच बाहेर आला. "योग्य जागी आली गाडी! वता कढईत, जाळ तयारच हाय."

ऊन चढायला लागलं होतं. मागोमाग आलेल्या बायांतली एक म्हातारी कॅनाला हात लावून म्हणाली, "माझं दूध काढून द्या."

"आत्ये, यातलं तुझं कुठलं अन् माझं कुठलं?" दुसरी म्हणाली. हसू कुणालाच आलं नाही.

मी म्हणालो, "मामा, हॉर्न वाजवा." वाजला नाही. "दिवे लावा." लागले नाहीत.

"मग धक्क्यानं काय होणार? इंजिनाचा दोषच नाही. बॅटरीची वीजच पुढं जात नाही."

"बॅटरी नवी हाय, साहेब," मामा चिडून म्हणाले. "कालच पूजलीया."

मी बॉनेट उघडलं. आत बॅटरी नवरीसारखी नटलेली. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. आदल्या दिवशी मी तिथं नव्हतो. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात असायचो.

"मामा, काल वायरी सोडल्या होत्या का?"

"सोडल्या की. समदं पुसलं, गोडंतेल लावलं, हळद-कुंकू लावलं, मग कसल्या. वरवरची पूजा म्या करीत न्हाय."

मी पाना मागितला. वायरीचं तोंड सोडवलं, तर आत तेलात मळलेल्या हळद-कुंकवाचा चांगला जाड थर. वायरीचं शिसं बॅटरीच्या शिशाला टेकतच नव्हतं. मी खिशातून रुमाल काढला, तसा मामांनी माझा हात धरला.

"पूजेचं पुसायचं न्हाय. अन् तुमी तर..." पुढचं सगळ्यांना ठाऊकच होतं. माझ्या हातानं ते पुसलं गेलेलं पुढं गावाला पचेल का, हे चेअरमनलाही सांगता येईना.

तेवढ्यात म्हातारी पुढं आली. "दूध नासलं तर त्यो अपशकुन न्हाय व्हय? पूस रं लेकरा."

मी पुसलं. आधी रुमालानं, मग चाकूनं खरवडून, शिसं चकाकेपर्यंत. वायरी कोरड्या करून घट्ट आवळल्या. "मामा, आता मारा किल्ली."

डॅशबोर्डवरचा काटा थरथरला. स्टार्टर ओरडला आणि जीपनं असा काही धूर सोडला, की भट्टीवाला झाऱ्यासकट दोन पावलं मागं सरला. मामांनी उगाचच हॉर्न दाबून धरला. तो वाशीच्या वाटेला लागेपर्यंत काही सोडला नाही!

शीतकरण केंद्रावर प्रत्येक कॅनाचं झाकण उघडून वास घेतला गेला. एकही कॅन बाजूला काढला नाही.

संध्याकाळी दूध घालायला पहिली आली ती म्हातारीच. चरवी माझ्यासमोर ठेवत भट्टीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमचा बीएस्सी हाय न्हवं इथं."

पुढच्या दसऱ्याला मामा सकाळीच विहाराच्या दाराशी येऊन उभे राहिले. हातात कुंकवाचा करंडा. "साहेब, यंदा कुठं लावू?"

"बॉनेटवर लावा मामा. हवं तेवढं लावा."