उजवा कौल

ओल्या फुलांचा वास आला की आमचं गावदेवीचं देऊळ आठवतं. साठ सालच्या आसपासची गोष्ट, खाडीवर पूल नव्हता. मासळी सुकत घालताना आईच्या छातीत पाखरू अडकल्यासारखी फडफड सुरू झाली. दरदरून घाम, ओठ काळेनिळे. डॉक्टर पलीकडच्या तीरावर, आणि तिला न्यायचं की नाही हे विचारायला काका देवळात कौल लावून बसलेले. उजवीकडची पडली तर देवीचा होकार, पण गुरवाने पाषाणावर चिकटवलेली पाकळी काही केल्या पडेना. आईला दम लागला, तशी तीच बाबांना म्हणाली, “देवी खंय जावची नाय, आधी माका होडयेत घाला!” होडी निम्म्या खाडीत पोचली तेव्हा काका काठावरून ओरडले, “देवीन उजवो कौल दिल्यान!” बाबांनी मागे पाहिलंही नाही, वल्हवत राहिले. आई वाचली. परवा माझ्याच छातीत तशी फडफड झाली. देवीला हात जोडले, पण रिक्षात बसल्यावर.