दात काढायचा नाही

सोमवार, सप्टेंबर. डहाणू, दातांचा दवाखाना. हजर: सुनिता, वय नऊ, पुढचा दात अर्धा तुटलेला. तिची आई. मी, तिच्या तलासरीकडच्या आश्रमशाळेची अधीक्षिका. आम्ही तिघी वारली समाजाच्या. डॉक्टर आणि त्यांचा मदतनीस.

"हिचा काढून टाकू," डॉक्टर म्हणाले. मग मदतनिसाकडे वळून, "ही माणसं पुन्हा येत नाहीत. एका फेरीत मोकळं करायचं."

आमच्यासमोर. आवाज खाली करायचीही गरज वाटली नाही.

सकाळी सुनिताला हातपंपाचा दांडा लागला होता. तुटलेल्या दातात मधोमध लाल ठिपका दिसत होता. आमच्या आधी खुर्चीवर बोर्डीची एक मुलगी होती, सायकलवरून पडलेली. तिच्याही दातात तसाच ठिपका. तिच्या वडिलांना हेच डॉक्टर समजावत होते, "नस जिवंत आहे, सर. वरचा खराब भाग तेवढा काढू, औषध ठेवून बंद करू. मुळाची वाढ अजून व्हायचीय, त्यासाठी नस जगायला हवी." दार उघडं होतं. मी सगळं ऐकलं.

सुनिताची आई म्हणाली, "साहेब सांगतात तं काढा."

मला तिचाही राग आला. मीसुद्धा आयुष्यभर अशीच मान हलवत आले. दवाखान्यात, पंचायत समितीत, शाळेच्या बैठकीत. त्या दिवशी हलली नाही.

"काढायचा नाही. त्या मुलीला केलंत तेच हिला करा."

"बाई, तपासणीला वर्षभर यावं लागतं. कोण आणणार?"

"मी."

"सगळे असंच म्हणतात."

"त्या सरांना विचारलंत का, कोण आणणार?"

त्यांनी हातमोजे चढवले. मग काम केलं, आणि नीट केलं. येत होतं त्यांना.

आता डिसेंबर आहे. पहिली तपासणी झाली. नस जिवंत होती. दुसरी गेल्या आठवड्यात होती, ती चुकली. दिवाळीनंतर आईबाप सुनिताला घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेत. इथे काम असतं तर कशाला गेले असते? हे त्या खुर्चीपाशी कुणी विचारत नाही. दात दुखत नसला तरी आतून मेलेला असू शकतो, एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. आईचा फोन बंद. भट्टीवरच्या मुकादमाला लावला, तर तो म्हणतो, "एका दातासाठी खाडा, मॅडम?"

हो. एका दातासाठी.

रविवारी मी भट्टीवर जाणार आहे. मुकादम नाही म्हणाला तरी पोरीला घेऊनच निघणार. सुनिताला डहाणूला नेणं बाकी.