बांधावरची भाकरी

गावी गेलो की बायको एकदा तलावाकडे एकटीच जाऊन येते. यंदा मीही उगाच मागोमाग गेलो. बांधावर तिनं पिशवीतून भाकरी काढली, दगडावर ठेवली आणि हात जोडले.

"कावळ्यांची सोय केलीस वाटतं?" मी म्हटलं.

"दुष्काळात पोटासाठी हा तलाव खोदताना माणसं उपाशी मेली, त्यांच्यासाठी. तुमच्या पणजीची दोन लेकरं याच बांधाखाली पुरलीत. आईंनी सांगितलं मला, लग्नाच्या पहिल्याच वर्षी."

याच बांधावरून उड्या मारत मी पोहायला शिकलो. या तलावाच्या गमती सांगून कितीतरी लग्नघरं हसवली. आणि पायाखाली काय आहे ते परगावाहून आलेल्या या बाईला ठाऊक! त्या लेकरांसाठी मन गलबलायला हवं होतं. ते गलबललंही, पण आधी जळफळाट झाला. चुलीपाशी भाकऱ्या थापताना सासू-सुना काय काय बोलत असतील, आणि मी आपला ओसरीवर माणसं हसवत बसलेला! आपल्याच घरात पाहुणा असल्यासारखं वाटलं.

घरी येऊन आईला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

आई लसूण सोलत होती. "तू रंगवून सांगितलं असतंस रे. लोक हसले असते. हिनं बघ, इतकी वर्षं तुलासुद्धा सांगितलं नाही."

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. जिभेवर आलेलं वाक्य चांगलंच मजेशीर होतं. ते तसंच गिळलं आणि तिच्या पुढ्यातला लसूण सोलायला घेतला.