उलटी वायर

माझ्या बायकोनं माझ्यासंग केलेलं शेवटचं काम म्हणजे वायर ओढणं. देवाले जाणं नाही, सुखदुःखाचं बोलणं नाही. वायर!

नव्वदचं दशक सरता सरता पोरानं इचोड्यात कम्प्युटरचा क्लास काढला. दोन खोल्या, मधात भिंत. दोन्हीकडं एकेक डबा, त्याले पोरगा स्विच म्हणे. (मी त्याच्यावर बटन शोधून शोधून थकलो.) हे दोन डबे जोडले की इकडचे कम्प्युटर तिकडच्याशी बोलतीन म्हणे. दुसऱ्या दिवशी क्लास उघडाचा होता. खुर्च्या आणाले निर्मल गावाले जाता जाता पोरगा सांगून गेला, "बा, कम्प्युटरले सुलटी वायर, अन् दोन स्विचच्या मधात उलटी."

मी स्टुलावर चढलो, बायकोनं स्टूल धरला. भिंतीवरून वायर पार केली, दोन्ही डब्यात खुपसली. डब्यावरचा बारका दिवा काही लागेना. मंग माझ्या ध्यानात आलं, आपण वायर सुलटी लावली! सगळी उपसली. इकडचं टोक तिकडं नेलं, तिकडचं इकडं आणलं.

"अवो, दोरी इकडून धरा का तिकडून, दोरीच ना?" बायको म्हणली.

तुले कम्प्युटरातलं काय समजते, म्हणून मी तिले गप केलं. दिवा तरी लागला नाहीच.

सांजच्याले पोरगा आला अन् त्यानं कपाळाले हात लावला. उलटी वायर म्हणजे वेगळीच वायर. तिच्या आतल्या तारा एका टोकाले अदलाबदल करून बसवतेत. ती तिथंच पिशवीत पडून होती. बायकोनं माझ्याकडं पाह्यलं अन् खालीच बसली हासत. "याइच्या डोक्यातल्याच तारा अदलाबदल हायेत," म्हणे. हासता हासता तिचा हात छातीवर गेला.

जीपमधी घालून आदिलाबादले नेत होतो. वाटेत म्हणली, "उद्या लोकाचे लेकरं येतीन. आधी ती वायर नीट लावा. पोराची फजिती नको."

दवाखान्यात पोचलो तवा ती नव्हती. डाक्टर म्हणला, काळीज आधीपासूनच कमजोर होतं, हासल्यानं कोणी मरत नाही. मी त्याले पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी तिरडी बांधणं चालू होतं. क्लास तेरवीपर्यंत बंद, हे मलेही कळत होतं. तरी गेलो, स्टुलावर चढलो, पिशवीतली वायर काढून लावली. दिवा नाही. वायरले शिव्या देल्या, डब्याले देल्या, मंग बायकोलेही एक देली.

सून दारात आली. हळूच म्हणली, "मामाजी, पहाटपासून करंट नाही. तिकडं सगळे खोळंबले."

म्या म्हणलं, करंट येऊ द्या, मंग उचलू.

लोकाइले वाटलं, म्हातारा बायकोले जाऊ देऊन नाही राह्यला. तसं काही नव्हतं. मी करंटचीच वाट पाहत होतो. अजूनही कोणी विचारलं तर हेच सांगतो.