दामूकाकांचं फिरतं टेबल

सुताराच्या घरात रोज झाडलं तरी कोपऱ्यात भुसा उरतोच. आमच्या दामूकाकांच्या किश्शांचंही तसंच झालंय. एक सांगायला घेतला की त्याच्यामागून चार निघतात, आणि ऐकणारे उठत नाहीत. आजही उठू नका!

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपून तिथला कापूस यायचा थांबला होता आणि इकडे वऱ्हाडात कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत रस्त्यावर गाड्याच गाड्या! एवढी रुई दाबून तिच्या गाठी बांधायला प्रेस हवी, आणि अकोल्याच्या एका साहेबाला ती उभारायची होती. माझे चुलते दामूकाका अमरावतीतले नावाजलेले मिस्त्री. ते साहेबाला म्हणाले, "मुंबईची प्रेस कायले? आमी बनवतो!"

साहेब म्हणाला, "पहले नमूना दिखाओ."

दसऱ्यापर्यंत नमुना पसंत पडला तर प्रेस काका बांधणार. नाही तर मुंबईचे कारागीर येणार आणि आम्ही त्यांच्या हाताखाली फळ्या ठोकणार. काकांची सारी उमेद त्या नमुन्यावर होती.

नमुना म्हणजे चौथाई मापाची अख्खी प्रेसच. सागवान आणि लोखंड, वजन पाच मण! घरच्या पडवीत एका साध्या टेबलावर ती बसवली होती. बाजू पालटायची तर काका, मी आणि आमचे करीमभाई लोहार, तिघांनी मिळून उचलायची. तिसऱ्या आठवड्यात काकांची कंबर गेली.

वैद्यबुवांनी पाठ दाबून पाहिली आणि बजावलं, "दामोदर, आता लोटासुदा उचलायचा नाही."

काका पालथे पडल्या पडल्याच म्हणाले, "लोटा कोन उचलून राहिलं? मी तं प्रेस उचलतो!"

* * *

हसलो खरे, पण मला धास्ती बसली. नमुन्याच्या तळाचे सांधे अजून राहिले होते, ते काकांशिवाय कोणाला जमणारे नव्हते, आणि काका तर पडवीतल्या बाजेवर आडवे. पडून पडून समोर बघत राहायचे. समोर काकू ज्वारी दळत असायच्या.

एका सकाळी काका एकदम ओरडले, "थांब! जातं थांबव!"

काकूंना वाटलं, कंबरेत कळ आली. त्या धावत आल्या.

"एवढी जड तळी तू एका हातानं फिरवून राहिली," काका म्हणाले, "मंग माही प्रेस कावून नाही फिरणार?"

अर्ध्या तासात जातं टेबलावर! वरच्या तळीवर फळी, फळीवर नमुना. मी एका हातानं ढकलला, तर पाच मणांचं धूड गर्रकन फिरलं. आम्ही टाळ्या पिटल्या. काकूंनी मात्र ज्वारीची पाटी आमच्यापुढं ठेवली.

"झालं? मंग आता भाकरी भुशाच्या करू?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही जात्यासारख्या दोन जाड लाकडी तबकड्या केल्या, करीमभाईंनी मधे लोखंडी खुंटा बसवला, त्याला गाडीच्या चाकाचं वंगण लावलं, आणि जातं स्वयंपाकघरात परत गेलं.

* * *

फिरण्याचं झालं, उचलण्याचं राहिलं. काकांना वाकायची बंदी, म्हणजे नमुनाच त्यांच्या छातीपर्यंत वर यायला हवा. मी विहिरीवरचं मोटेचं चाक काढून आणलं आणि पडवीच्या तुळईला बांधलं. दोर नमुन्याला अडकवला, करीमभाईंनी आणि मी जोर लावला. नमुना तसूभर हलला नाही. छपरावरची कवेलू मात्र एकेक करून आमच्या डोक्यावर आली!

करीमभाई धूळ झटकत म्हणाले, "दामूभाई, नमूना भारी है या आपका घर हल्का?"

काका हसता हसता कण्हायला लागले. मग मधेच थांबले. कोपऱ्यात एक मोठा स्क्रू पडला होता. करीमभाईंनी प्रेससाठीच केलेला, पण मापात जाड झाला म्हणून टाकून दिलेला.

"करीम, प्रेसचा स्क्रू खाली दाबते. त्याले उलटा उभा केला तं?"

करीमभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. दोन दिवसांत तो स्क्रू टेबलाखाली उभा! दांडा फिरवला की टेबल वर, उलटा फिरवला की खाली. काकांनी बसल्या जागेवरून दांडा फिरवला आणि नमुना हळूहळू त्यांच्या छातीशी आला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं कशाला सांगू, माझ्याही.

* * *

मग काय, काकांना चेवच चढला. त्यांनी टेबलावरच दोन खांब उभे करून नमुना पाळण्यासारखा त्यांच्या खुंट्यांवर टांगला. आता तो जागच्या जागी आडवा होई, उलटाही होई. नेमके त्याच दिवशी वैद्यबुवा आले. बघतात तर नमुना पाय वर करून पडलेला आणि काका त्याच्या तळाला रंधा मारताहेत!

"दामोदर! हे कोनं उलटवलं?"

"कोनीच नाही, महाराज. तुमचं ऐकून तेच पाठीवर पडून आराम करून राहिलं!"

वैद्यबुवांनी स्वतः तीनदा दांडा फिरवून पाहिला. जाताना हळूच म्हणाले, "आमच्या खलबत्त्याले असं काही बसवता येईन का?"

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा. करवतीपासून टेबलापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचे हार, आणि त्या दिवशी एकाही अवजाराला कामाला लावायचं नाही. नमुनाही हार घालून टेबलावर सजला होता. आणि साहेब एक दिवस आधीच दारात हजर! दुपारीच त्याला अकोल्याला परत निघायचं होतं.

"चारों तरफ से दिखाओ. नीचे से भी."

मागे पडवीची भिंत, त्यामुळे त्याला फिरून बघता येईना. टेबल फिरवावं, तर ते अवजाराला कामाला जुंपणं झालं. काका घामाघूम झाले. "साहेब, आज अवजाराले काम नाही लावत."

साहेबानं घड्याळ काढलं. इतकं सगळं करून तोंडचा घास जाणार!

तेवढ्यात काकू आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या.

"काम नाही लावायचं. पूजा तं करायची ना?" टेबलासमोर उभं राहून त्यांनी ताट घट्ट धरलं. "माहे हात दुखून राहिले. ताट इथंच राहीन. ओवाळायचं तं त्यालेच फिरवा!"

काका लगेच टेबलापाशी गेले. मग आम्ही आरती सुरू केली, करीमभाईंनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि प्रेस सावकाश फिरायला लागली. पुढची बाजू, डावी, पाठ, उजवी. आरती संपली, नमस्काराची वेळ आली, तशी काकांनी ती खुंट्यांवर मागे कलंडवली. सगळा तळ साहेबासमोर उघडा! एक सांधा कुरकुरला नाही.

साहेबानं टोपी काढली. आमचं बघून त्यानंही ज्योतीवर हात धरून कपाळाला लावले, बत्तासा तोंडात टाकला आणि काकांना विचारलं,

"मिस्त्री, ये देवता अकोला कब आएगा?"